कपाटातल्या कपड्यांपैकी आपले किती?

दिवाळीआधी घर आवरायला काढलं की रद्दी, माळ्यावरची खोकी, डबे-बाटल्या यांचा निकाल भराभर लागतो. अडतं ते कपड्यांच्या कपाटापाशी. साडी हातात घ्यायची, उलगडायची, पुन्हा घडी घालून ठेवायची, असं करता करता दुपार सरते आणि कपाट होतं तेवढंच भरलेलं राहतं. अशा कपाटासमोर उभं राहून ‘घालायला काही नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाची तक्रार खरी असते, पण त्यावरचा उपाय नव्या खरेदीत शोधला जातो, तो चुकीचा. आपल्याला काय शोभतं, कशात आपण मोकळेपणाने वावरतो, याचा भरवशाचा पुरावा त्याच कपाटात असतो. आपण जे कपडे पुन्हा पुन्हा घालतो, तीच आपली शैली. बाकीच्यांच्या गर्दीत ती दिसेनाशी झालेली असते, आणि आवरायचं ते तिला दिसू देण्यासाठी.

ही गर्दी होते कशी, ते आधी पाहू. मराठी घरातल्या कपाटात स्वतः निवडलेले कपडे अनेकदा निम्मेही नसतात. लग्नातला मानपान, आहेर, डोहाळजेवण, बारसं, भाऊबीज, ओटीतले ब्लाउजपीस, पुरुषांसाठी शर्टपीस-पँटपीस, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच हिशेबाने घेतलेलं असतं. त्यात देणाऱ्याचं प्रेम असतं, रीत सांभाळण्याची काळजी असते, घेणाऱ्याची आवड मात्र क्वचितच असते. त्यावर सेलमधली खरेदी येते. तिथे निवड केलेली असते ती किमतीची. आणि शेवटी येतात ते ‘बारीक झाल्यावर घालू’ म्हणून जपलेले कपडे. म्हणजे कपाटात नात्यांचा हिशेब असतो, सवलतींचा असतो, मनातल्या इच्छांचाही असतो. या तिन्हींना आपली आवड समजलं की गोंधळ सुरू होतो.

मग हे कपडे सुटत का नाहीत? डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी 1990 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन ते कितीला विकाल असं विचारलं, इतरांना तसाच मग कितीला घ्याल असं विचारलं. विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होती. वस्तू आपली झाली एवढ्यानेच तिचं मोल मनात वाढतं. म्हणून ‘हा ठेवू की काढू?’ या प्रश्नाला कपाटासमोर उभं राहून दिलेलं उत्तर फारसं विश्वासार्ह नसतं. मारी कोंडो या जपानी लेखिकेने वस्तू हातात घेऊन आनंद होतो का ते पाहा, अशी कसोटी जगभर लोकप्रिय केली. पण कपड्यांना ती अपुरी पडते. कधीच न नेसलेली जरीची साडी हातात घेतली की आनंद होतोच. आठवड्यातून दोनदा अंगावर असणाऱ्या सुती कुर्त्याचं काही वाटत नाही, कारण तो अंगवळणी पडलेला असतो. भावना विचारण्यापेक्षा वापर पाहावा, हे मला अधिक खरं वाटतं.

वापर पाहणं अवघड नाही. हँगर सगळे उलटे लावायचे आणि घातलेला कपडा परत ठेवताना सुलटा करायचा; घड्यांच्या साड्या असतील तर नेसलेली साडी वेगळ्या थप्पीत ठेवायची. आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा, सणवार, लग्नसराई असा चक्राकार वापर असल्याने वर्षभर तरी थांबायला हवं. मग जे वापरले गेले ते सगळे पलंगावर एकत्र मांडून पाहावेत. गळा, बाहीची लांबी, रंगांचं घराणं, कापडाचा पोत, खिसा आहे की नाही, यांत आश्चर्य वाटावं इतकं साम्य सापडतं. न वापरलेल्यांचं कारणही एकेक करून विचारावं, कारण ते बहुधा अगदी साधं निघतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत अंगाला चिकटणारं पॉलिएस्टर, नागपूरच्या मे महिन्यात नकोसं होणारं अस्तर, लोकलच्या गर्दीत न सावरणारी ओढणी. साड्यांच्या बाबतीत तर गंमत अशी की साडी कधी आखूड होत नाही. घट्ट होतो तो ब्लाउज, आणि त्याच्यापायी चांगली साडी वर्षानुवर्षं पडून राहते. काहींना फॉल-पिको करायचंच राहिलेलं असतं. म्हणजे नावडलेले आणि अडून राहिलेले, असे दोन वेगळे गट निघतात. पहिला घराबाहेर जावा, दुसरा शिंप्याकडे.

यावर पहिला आक्षेप काटकसरीचा. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे टंचाईतून आलेलं शहाणपण आहे आणि त्याचा आदरच करायला हवा. पण त्या शहाणपणात कपड्याला घराबाहेर पडायच्या वाटाही होत्या. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, धोतराची दुपटी होत, बोहारीण कपड्यांवर भांडी देऊन जाई. आता मिश्र धाग्यांच्या कापडाची गोधडी मऊ होत नाही, आणि घरात येणारे कपडे मात्र वाढले आहेत. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017च्या अहवालानुसार जगातलं कपड्यांचं उत्पादन पंधरा वर्षांत जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकण्यापूर्वी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण 36 टक्क्यांनी घटलं. शिवाय नुसतं ठेवून कपडा टिकत नाही. रेशमी साडी एकाच घडीवर राहिली तर घडीवरच चिरते, इलॅस्टिक न वापरताही सैल पडतं. चांगला कपडा वापरण्याजोगा असतानाच दुसऱ्याला देणं ही काटकसरच आहे. 1999 पासून काम करणाऱ्या ‘गूंज’सारख्या संस्था धड कपडे गावोगाव पोचवतात, सुती कापडाचे पॅड शिवतात, लोकरी चिंध्यांपासून सूत आणि ब्लँकेटं करण्याचा मोठा उद्योग पानिपतला आहे. मात्र फाटकं-मळकं दान म्हणून देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘स्वतःची शैली’ ही सुखवस्तू लोकांची चैन नव्हे का? कपड्यांची निवड ज्यांना कधी मिळालीच नाही, त्यांचा इतिहास याचं उत्तर देतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्यायला सांगितलं, आणि स्त्रियांनी ते तिथेच अमलात आणलं. अंगावर काय असावं हे आपण ठरवणं हा तेव्हा माणूसपणाचा प्रश्न होता. आजही अनेक घरांत सुनेने काय घालावं हे दुसरेच ठरवतात, नोकरीचा गणवेश असतो, हातात पैसे मोजके असतात. अशा वेळी तर आपल्या चार कपड्यांतला कोणता स्वतःहून हातात घेतला जातो, हे ओळखणं अधिकच मोलाचं.

आठवणींचे कपडे या हिशेबात धरू नयेत. आईची साडी ठेवायला कारण लागत नाही. ती वेगळ्या कप्प्यात मलमलीत गुंडाळून ठेवावी, अधूनमधून घडी बदलावी. काळजी घ्यावी ती रिकाम्या झालेल्या जागेची. मोजक्या कपड्यांची कल्पना 1970च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ यांनी मांडली. 1985 मध्ये अमेरिकेत डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच बाजारात आणला, आणि कमी बाळगण्याचा विचारही खरेदीचं निमित्त झाला. आवरल्यावर लगेच बेज, पांढरं, काळं असं नवं सामान आणलं तर आवड पुन्हा दुसऱ्याचीच. त्यापेक्षा तोच पैसा दोन ब्लाउज उसवून सैल करायला, एका कुर्त्याला खिसा लावायला आणि राहिलेल्या साड्यांच्या फॉल-पिकोला खर्चावा.