कावळे-चिमण्या मोजून काय होणार?

फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’चे चार दिवस जवळ आले की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमच्या सोसायटीत मोजण्यासारखं आहे काय? कावळे, पारवे आणि साळुंक्या!’ अमेरिकेत 1998 साली सुरू झालेली ही गणना 2013 पासून जगभर होते आणि भारतही तेव्हापासून तिच्यात आहे. अंगण, गच्ची, गॅलरी, शेताचा बांध, कुठेही किमान 15 मिनिटं थांबायचं, दिसलेले-ऐकलेले पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची, एवढंच काम. तरीही दुर्मीळ पक्षी दिसला तरच नोंद करावी, नाहीतर ती फुकट, हा समज काही केल्या जात नाही. या एका समजामुळे जेवढी माहिती बुडते तेवढी पक्षी चुकीचा ओळखल्यामुळेही बुडत नसेल.

याचं गणित साधं आहे. समजा, एका तालुक्यातून 100 याद्या आल्या आणि त्यांपैकी 20 मध्ये नीळकंठ आहे. दहा वर्षांनी पुन्हा 100 याद्या आल्या, पण आता नीळकंठ फक्त आठांत आहे. तो कमी झाला हे आपल्याला कशावरून कळलं? तो न दिसलेल्या 92 याद्यांवरून. ते 92 जण ‘आज विशेष काही नव्हतं’ म्हणून गप्प बसले असते, तर आलेल्या आठही याद्यांत नीळकंठ असता आणि कागदावर तो शंभर टक्के ठिकाणी सुखात नांदताना दिसला असता. म्हणून तर यादी पाठवताना ई-बर्ड विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? या प्रश्नाला खरेपणाने ‘हो’ म्हणता आलं, तर सहा कावळे, चौदा पारवे, दोन घारी आणि जास्वंदीवरचा एक शिंजीर ही यादीसुद्धा पूर्ण ठरते. कल काढताना अशा पूर्ण याद्याच उपयोगी पडतात. कावळे-पारवे वगळून एकटा शिंजीर पाठवला, तर त्या यादीत काय नव्हतं हे कुणालाच सांगता येत नाही.

‘नेहमीचे पक्षी आहेतच की, ते कुठे जाणार?’ असं म्हणणाऱ्यांनी गिधाडं आठवावीत. पांढऱ्या पाठीचं गिधाड एके काळी गावोगावच्या ढोरफोडीवर थव्याने उतरायचं. 1992 ते 2007 या काळात भारतात त्याची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. घट एवढी नेमकी सांगता येते, कारण 1991-93 मध्ये, गिधाडं भरपूर असताना, रस्त्यांवरून फिरून कुणीतरी ती मोजली होती आणि 2000 पासून त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजणी झाली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे त्यामागचं कारण 2004 मध्ये पुढे आलं आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मुबलक असताना केलेली मोजणी हाताशी नसती, तर किती गेलं हे कशाशी ताडून पाहणार होतो?

आता आक्षेप : हौशी लोक चुका करतात, शिवाय निरीक्षक दरवर्षी वाढत जातात, मग आकडे वाढणारच. हा आक्षेप रास्त आहे आणि अभ्यासकांनी तो सोडवलेलाही आहे. कल काढताना एकूण पक्षी किती मोजले हे पाहत नाहीत, शंभरातल्या किती याद्यांत ती जात आली हे प्रमाण पाहतात. यादीची लांबी, म्हणजे निरीक्षणाला लागलेले कष्ट, हिशेबात धरली जाते आणि अनपेक्षित नोंदी जाणकार तपासतात. एखादी साळुंकी दोनदा मोजली गेल्याने या पद्धतीला धक्का बसत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा 2023 चा अहवाल 30 हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्याने 942 जाती तपासल्या आणि 178 जातींना संवर्धनात वरचं प्राधान्य दिलं. नीळकंठाच्या जागतिक संवर्धन-दर्जाचा फेरविचार व्हावा, ही शिफारसही त्यातलीच.

राहिलेले समज थोडक्यात. सगळे पक्षी ओळखता यायला हवेत असं नाही. जो ओळखता आला नाही तो अंदाजाने ठोकून देऊ नये, एवढंच. पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेलं नाव हा इशारा असतो, डोळ्यांनी किंवा कानांनी खात्री करावीच लागते. गणनेसाठी दाणे टाकण्याची गरज नाही, आणि पारव्यांना पोत्याने ज्वारी घालणं म्हणजे संवर्धन नव्हे. चिमणी देशातून संपली, हेही खरं नाही : ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्याच 2020 च्या अहवालानुसार ती देशभरात एकूण स्थिर आहे, सहा महानगरांत मात्र घटली आहे, आणि मोबाइल टॉवरच्या लहरींनी ती मेल्याचा पुरावा मिळालेला नाही.

एका आकड्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. 2023 च्या अहवालातल्या त्या 942 जातींपैकी दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त 338 जातींचा, आणि त्यांतल्या 60 टक्के घटल्या आहेत. बाकीच्यांचं काय चाललंय हे ठरवण्याइतका आधारच हाती नव्हता. शहरातल्या बागांमधून याद्यांचा ढीग येतो, पण एखाद्या आडगावच्या माळावरून वर्षभरात एकही येत नाही. तिथे कुणी अंगणात 15 मिनिटं बसून होले, चिमण्या आणि कावळे लिहून पाठवले, तर त्या माळाची ती पहिली नोंद असू शकते.