एक पत्र साऱ्या महाविद्यालयाला

पेण-रोह्याची आपली मुले-मुली मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. काही जण माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे, 1989 साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जातात. पूर्वी कॉलेजची सूचना फलकावर लागे. आता बऱ्याच ठिकाणी ती ई-मेलने येते. एकच पत्र प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत एकाच वेळी पोचते आणि त्याला कागदही लागत नाही. पर्यावरण जपण्याच्या कामी हे मोठे साधन आहे.

परंतु नुसते 'पर्यावरण वाचवा' असे लिहिलेले पत्र कोणी वाचत नाही. नेमके काम सांगावे आणि हिशेब द्यावा. 75 वॅटचे 20 पंखे संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत रिकाम्या वर्गांत फिरत राहिले, तर एका रात्रीत 21 युनिट वीज वाया जाते. हा आकडा वाचला की वर्गाबाहेर पडणाऱ्याचा हात बटणाकडे जातो. पुढच्या महिन्यात बिल किती उतरले, हेही सर्वांना कळवावे. म्हणजे आपल्या करण्याने फरक पडतो, हे पटते.

कचऱ्याचेही तसेच आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, असे 2016 च्या केंद्रीय नियमांनी सांगितले. एकदाच वापरायचे प्लास्टिक आवारातून हद्दपार करा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली कळविले. तरी उरलेली भाजी आणि फुटकी काच एकाच डब्यात पडते, तेव्हा ती हाताने निवडणारा कोण असतो, हे आपल्या वस्तीला वेगळे सांगायला नको. त्या सफाई कामगाराचा हात कापू नये, ही गोष्ट पत्रात स्पष्ट लिहिली पाहिजे.

आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे, त्या कामगाराला बहुधा कॉलेजचा ई-मेल मिळतच नाही. शिपाई, माळी, कॅन्टीनमधील बाई यांचीही तीच गत. म्हणून तेच पत्र सोप्या मराठीत फलकावर लावावे, त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांच्या सूचनाही विचाराव्यात. कोणत्या डब्यात काय पडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

पालकांनी आपल्या मुलामुलींना एवढेच विचारावे : कॉलेजचे असे पत्र आले का? आले असेल तर त्यांच्याकडून घरात मोठ्याने वाचून घ्यावे. आले नसेल तर तसे पत्र काढा, असा अर्ज चार विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांना द्यावा.