संपात अडकतो तो कोण?

सरकारी किंवा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, 'बिचाऱ्यांचा पगार खरंच कमी आहे हो.' आणि दुसरं, 'पण म्हणून काय लोकांना वेठीस धरायचं?' गंमत म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच दमात बोलतो. फरक इतकाच, की संपाच्या पहिल्या दिवशी जोर पहिल्या वाक्यावर असतो आणि आठव्या दिवशी दुसऱ्यावर. हा जोर कधी सरकतो, कशामुळे सरकतो, हे बघण्यासाठी आपल्या एस.टी.इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्या गाडीची वाट पाहिलेली आहे.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. खासगी कारखान्यात संप झाला, की मालकाचं रोज नुकसान होतं आणि ते नुकसान कामगारांच्या मागणीपेक्षा जड झालं की तो बोलणी करायला बसतो. एस.टी.त असा मालकच नाही. गाड्या आगारात उभ्या राहिल्या तर उत्पन्न बुडतं हे खरं, पण डिझेलही वाचतं. आणि बुडालेलं उत्पन्न कुणा एकाच्या खिशातून जात नाही. मग सरकारवर दबाव येतो कुठून? तो येतो स्टँडवर ताटकळणाऱ्या माणसाकडून. तो चिडला, त्याची चीड मुंबईपर्यंत पोहोचली, तर सरकार हलतं. संप कामगाराचा असला तरी त्याचं हत्यार प्रवासी असतो. आणि संप योग्य की अयोग्य, याचा निवाडाही आपण त्याच प्रवाशाकडे मागतो.

आता एस.टी.चे तीन संप शेजारी शेजारी ठेवून पाहा. २०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळावा म्हणून संप झाला. १७ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, गाड्या थांबल्या. सुटीत गावी निघालेली शहरातली माणसं बोचक्यांसह स्टँडवर अडकली, चोवीस तास त्यांची चित्रं दूरचित्रवाणीवर दिसली. उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला आणि भाऊबीजेच्या पहाटे गाड्या निघाल्या. चार दिवस. २०२४ मध्ये ३ सप्टेंबरला संप सुरू झाला तेव्हा गणपती चार दिवसांवर आले होते. मुंबईचा चाकरमानी कोकणात जायला निघालेला, विधानसभेची निवडणूक अडीच महिन्यांवर. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी बैठक घेतली, मूळ वेतनात साडेसहा हजार रुपयांची वाढ जाहीर झाली आणि संप मिटला. दोन दिवस.

या दोघांच्या मधला, २०२१ च्या दिवाळीत पेटलेला संप मात्र २०२२ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे साडेपाच महिने रेंगाळला. तीच एस.टी., तेच कामगार. मग एवढं अंतर का?

याचं एक उत्तर मागणीत आहे. त्या संपात 'विलीनीकरण' हा शब्द गाजला. ऐकायला तो राजकीय वाटतो, पण त्याच्या मुळाशी पगारच होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे १९५० च्या कायद्याखाली एस.टी. हे महामंडळ झालं. महामंडळ म्हणजे तिकिटाच्या पैशातून डिझेल, टायर, दुरुस्ती आणि पगार भागवायचे. तहसील कचेरीतल्या शिपायाचा पगार वेतन आयोगाने वाढतो. आगारातल्या चालकाचा मात्र मान्यताप्राप्त संघटनेशी दर चार वर्षांनी होणाऱ्या कराराने. शिपायाचा पगार तिजोरीतून येतो, चालकाचा गल्ल्यातून. कोरोनात गाड्या बंद पडल्या तेव्हा गल्ला आटला आणि २०२० मध्ये एस.टी. कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. त्या दिवाळीच्या तोंडावर कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर सरकारने एक हजार कोटींची मदत जाहीर केली. ज्याने हे वर्ष काढलं, त्याच्या लेखी विलीनीकरणाचा अर्थ एवढाच होता, की पगार ठरल्या तारखेला व्हावा. शिवाय शेजारचं उदाहरण ताजं होतं. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून तिथल्या परिवहन कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतलं होतं.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर उपोषण सुरू झालं, तेव्हा कामगारांना महागाई भत्ता बारा टक्के मिळत होता आणि सरकारी कर्मचाऱ्यांना अठ्ठावीस. एस.टी.ने अठ्ठावीस टक्के मान्य केले, संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतलं. एरवी इथे विषय संपला असता. पण पुढारी घरी गेले आणि संप मागेच राहिला. एकेक आगार बंद पडत गेलं. औद्योगिक न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, उच्च न्यायालयाने मनाई केली, तरी गाड्या हलल्या नाहीत. विलीनीकरण शक्य आहे का हे तपासायला न्यायालयाच्या सांगण्यावरून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ज्या मागणीला हो किंवा नाही एवढीच उत्तरं असतात, तिथे मधली रक्कम काढून मिटवता येत नाही. २०१७ आणि २०२४ चा वाद रुपयांचा होता, हा नव्हता.

लोकांचा कल सुरुवातीला कामगारांकडे होता, आणि त्यात आश्चर्य काही नाही. मुक्कामी गाडीचा चालक-वाहक गावातल्या देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपतो, त्याला गाव नावाने ओळखतं. नव्या कामगाराचं मूळ वेतन १२,०८० रुपये आणि सगळे भत्ते मिळून १७,३९५ रुपये, हे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले, तेव्हा वाचणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं झालं. रात्रभर घाटातून पन्नास माणसं सुखरूप आणणाऱ्याचा हा पगार! त्यातच २६ ऑक्टोबरपासून तिकीट सुमारे सतरा टक्क्यांनी वाढलेलं. 'आमच्याकडून जास्त घेता, मग त्यांना का देत नाही?' असं प्रवासीच विचारू लागले होते.

मग २४ नोव्हेंबर उजाडला. परिवहन मंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच आकडा झळकला, ४१ टक्के. लोकांचा जोर पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर सरकला तो इथे. 'एवढी वाढ दिली, आता आणखी काय हवं?' हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी आला. पण हा आकडा जरा उलगडून बघायला हवा. सेवेत एक ते दहा वर्षं झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजारांची वाढ होती. दहा ते वीस वर्षं झालेल्यांना चार हजार आणि वीस वर्षांच्या वर असलेल्यांना अडीच हजार. म्हणजे १७,३९५ चे २४,५९५ झाले ते अगदी नव्या कामगाराचे, आणि ४१ टक्के होते तेही त्याचेच. ज्याने पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलं त्याला रुपये निम्मे मिळाले, आणि पगार मोठा असल्यामुळे टक्केवारी तर कितीतरी खाली. नव्याला जास्त देणं मला तरी चुकीचं वाटत नाही, सर्वांत वाईट हाल त्याचेच होते. पण मथळ्यातला आकडा सर्वांच्या कपाळी चिकटला. जुन्या कामगाराला वाटलं आपल्याला काहीच मिळालं नाही, आणि लोकांना वाटलं सगळ्यांना सगळं मिळालं. दरमहा दहा तारखेच्या आत पगार होईल, ही हमीही त्याच दिवशी सरकारने दिली होती. मूळ दुखण्यावरचं औषध खरं तर हेच होतं, पण ४१ च्या गलक्यात ते कुणी फारसं ऐकलंच नाही.

एवढं होऊनही लोकांच्या नाराजीने संप मिटला नाही. याचं दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अडकलेला माणूस कोण होता, ते बघा. दिवाळीला निघालेला शहरी प्रवासी खासगी ट्रॅव्हल्सने गेला. दुप्पट पैसे मोजले, चरफडला, पण पोहोचला. सरकारने ८ नोव्हेंबरला खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या गाड्या, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची परवानगी दिली. दिवाळी सरली आणि शहराच्या दृष्टीने संपातला अडथळाच सरला. मागे राहिला तो तालुक्याला जाणारा खेड्यातला माणूस. त्याला जीप होती, काळी-पिवळी होती, वडाप होतं. मग त्याचं काय अडलं, असं तुम्ही म्हणाल.

त्याचं अडलं ते सवलतीत. एस.टी. नुसती वाहतूक करत नाही, ती सरकारने दिलेल्या सवलतीही वाहून नेते. ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट, विद्यार्थ्याचा मासिक पास, आणि खेड्यातल्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास, हे सगळं त्या लाल गाडीतच चालतं, जीपमध्ये नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले होते, आणि महिन्याभरात गाडी बंद. जीपने जाऊन-येऊन चाळीस रुपये धरले, तर शाळेच्या पंचवीस दिवसांचे हजार रुपये होतात. काल जे फुकट होतं त्याला आज हजार रुपये. हे पैसे मुलासाठी निघतात, मुलीसाठी निघतातच असं नाही. खेडं ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि ही मुलगी संपादकांना पत्र लिहीत नाही. तिच्या गावच्या फाट्यावर वाहिन्यांची गाडी येत नाही. आपण 'जनमत' म्हणतो ते बरंचसं लोकलने आणि स्वतःच्या वाहनाने फिरणाऱ्यांचं मत असतं. चार दिवसांत संप मिटवायला लावणारी चीड २०१७ मध्ये शहरी स्टँडवर होती. २०२१ च्या डिसेंबरात ती फाट्याफाट्यांवर विखुरलेली होती आणि तिची बेरीज कुणी केली नाही. सरकारला घाई नव्हती. आझाद मैदानावरच्या कामगारांना वाटत होतं, आणखी थोडं ताणलं की सरकार वाकेल. दोघांनीही ज्याच्या जिवावर ताणलं तो आवाज न करता चालत राहिला, अक्षरशः.

त्याच्या उलट चित्र मार्च २०२३ मध्ये दिसलं. राज्याचे सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ ते २० मार्च असे सात दिवस संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, ही तक्रार काही खोटी नव्हती. पण इथे 'बिचाऱ्यांचा पगार' हे वाक्य फारसं ऐकूच आलं नाही. 'निम्म्या पगारात आम्ही कामाला तयार आहोत,' ही भाषा नोकरीच्या शोधातल्या तरुणांनी सुरू केली. नेमकी त्याच आठवड्यात गारपीट झाली आणि पंचनाम्याला तलाठी नाही, अशी शेतकऱ्याची गत झाली. सहानुभूती मागणीच्या खरेखोटेपणावर कमी आणि संपकऱ्याची पगारपत्रिका आपल्या पगारपत्रिकेशेजारी कशी दिसते, यावर जास्त ठरते. चालकाचे १७,३९५ पाहून वाईट वाटणारा माणूस कारकुनाचं निवृत्तिवेतन ऐकून हेवा करतो.

कायद्याचं म्हणाल, तर तो संपकऱ्याच्या बाजूने फारसा नाही. तमिळनाडूत जुलै २००३ मध्ये जयललिता सरकारने संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना कामावरून काढलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा ६ ऑगस्ट २००३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक कसलाही अधिकार नाही. त्यानंतरही संप झालेच. निकालाने संप बेकायदा ठरतो. मिटायला मात्र कुणीतरी परतीची वाट ठेवावी लागते. एस.टी.च्या बाबतीत समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. हजारो कामगार तोवर निलंबित किंवा बडतर्फ झाले होते, अनेकांनी जीव दिला होता, आणि सगळ्यांचाच पाच महिन्यांचा पगार गेला होता. ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली आणि परतणाऱ्याची नोकरी जाणार नाही याची काळजी घेतली, तेव्हा आगारं पुन्हा भरू लागली.

प्रवासी मात्र एका आदेशाने परतला नाही. अनेकांनी मधल्या काळात हप्त्याने दुचाकी घेतली, वडापवाल्याशी महिन्याचं ठरवून टाकलं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट मिळालं, तेव्हा गाड्यांना पुन्हा गर्दी दिसू लागली.

राहता राहिली एक बारीकशी गोष्ट. लोकोपयोगी सेवेत संप करायचा तर चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, हा आपला जुना नियम. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तो सगळ्याच उद्योगांना लावला. ही सूचना संघटनेने व्यवस्थापनाला द्यायची, व्यवस्थापनाने ती सरकारला कळवायची. ती कुणाकुणाला द्यायची याच्या यादीत प्रवासी नाही. उद्या गाडी येणार नाही, हे फाट्यावरच्या मुलीला कळतं ते सकाळी साडेसहाला, गाडी आली नाही म्हणून. आगारातल्या फलकावर आणि शाळेच्या फळ्यावर ही सूचना आठ दिवस आधी लिहायची ठरवली, तर त्याला ना समिती लागते, ना करार.