एअरबॅगचा दिवा आणि पिवळे कपलर

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूर पट्ट्यात मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. सानगडीच्या किल्ल्याखालच्या रस्त्यावर एरवी ट्रॅक्टर आणि दुचाक्या जास्त. या दिवसांत मात्र नागपूर-पुण्याच्या पासिंगच्या मोटारी घरोघरी उभ्या दिसतात. त्यांत नव्या कोऱ्या थोड्याच असतात. बहुतेक पाच-सात वर्षांच्या, वॉरंटी संपलेल्या, एक-दोन हात फिरलेल्या. यातल्या कित्येकींच्या मीटरमध्ये माणूस आणि त्याच्यापुढे फुगलेला गोळा अशा चित्राचा लाल दिवा सतत जळत असतो. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, गाडी चालते ना!’ गाडी चालते, हे खरेच आहे. एअरबॅग बंद पडली म्हणून इंजिन अडत नाही, ॲव्हरेज घटत नाही, आवाजही येत नाही. म्हणून हा बिघाड लोक वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

हा प्रश्न गावापर्यंत आत्ताच का आला, त्याचा हिशेब सरकारी नियमांत सापडतो. 1 जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीची सक्ती नव्या मॉडेलांना एप्रिल 2021 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना 2021 सरता सरता लागू झाली. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी 2022 मध्ये निघाला, पुढे ढकलला गेला आणि शेवटी केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरींनीच 2023 मध्ये ती सक्ती होणार नसल्याचे सांगितले. तोवर स्पर्धेमुळे कंपन्या आपणहूनच सहा एअरबॅगा देऊ लागल्या होत्या. म्हणजे सर्वांत स्वस्त मोटारीतही आता निदान दोन एअरबॅगा असतात, आणि 2019-20 च्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमधून सुटून तालुक्याच्या गॅरेजात येऊ लागल्या आहेत. सक्ती गावापर्यंत पोचली; दुरुस्तीची विद्या तेवढ्या वेगाने पोचलेली नाही.

दिवा नेमके काय सांगतो? चावी फिरवली की तो काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात गिअरजवळ, कन्सोलखाली बसवलेला कंट्रोल युनिट सगळी सर्किटे तपासून घेतो. प्रत्येक एअरबॅगच्या पोटात एक बारीक इग्नायटर असतो, त्याचा रोध साधारण दोन ओहम. त्यातून अगदी क्षीण प्रवाह सोडून युनिट गाडी चालू असेपर्यंत रोध मोजत राहतो. धडक बसली तर त्याच तारांतून सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, तोही सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागापुरता. तेवढ्यात इग्नायटर पेटतो, वायू सुटतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. रोध ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तार तुटली, बॉडीला शॉर्ट झाली की युनिट कोड नोंदवतो आणि दिवा लावून ठेवतो. दिवा जळत असताना अपघात झाला तर काही गाड्यांत एकच एअरबॅग उघडत नाही, काहींत सगळी यंत्रणाच गप्प बसते. कोणती गाडी काय करील, याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही.

दोन ओहमच्या सर्किटात एखादा ओहम वाढायला फारसे काही लागत नाही. बिघाड बहुतेक वेळा महागड्या युनिटात किंवा एअरबॅगेत नसतो, तो जोडांत असतो, ते याचमुळे. पुढच्या सीटखाली हात घालून पाहा. तिथे पिवळ्या रंगाचा कपलर लोंबताना किंवा क्लिपेत अडकवलेला सापडेल. पिवळा रंग हीच एअरबॅगच्या वायरिंगची खूण. सीट मागेपुढे सरकते, मागच्या प्रवाशाचे पाय लागतात, धुलाई सेंटरवाला व्हॅक्यूमची नळी तिथेच खुपसतो, पावसाळ्यात चिखलाच्या चपलांनी मॅट ओले होऊन राहते. कपलरच्या पिना हिरवट पडतात किंवा तो अर्धाच लॉक राहतो. अर्धवट बसलेल्या कपलरची आणखी एक गंमत समजून घेण्यासारखी आहे. कपलर सुटताच एअरबॅगच्या दोन्ही तारा आपोआप एकमेकींना जोडल्या जाव्यात, भटका प्रवाह आत शिरू नये, म्हणून आत एक लहानशी धातूची पट्टी असते. कपलर पूर्ण बसला की ती उचलली जाते. पूर्ण बसला नाही तर पट्टी चिकटलेलीच राहते आणि युनिटला रोध शून्याजवळ दिसतो. कोड येतो ‘रोध कमी’चा, आणि नवखा मिस्त्री शॉर्ट शोधत सगळे वायरिंग उसवतो.

दुसरी नेहमीची जागा स्टिअरिंगखाली. स्टिअरिंग फिरते, तारा मात्र तुटता कामा नयेत, म्हणून घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल तिथे असते. कोणी तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतो, कोणी स्पायरल केबल. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणे बऱ्याच गाड्यांत याच केबलमधून जातात. म्हणून एअरबॅगच्या दिव्यासोबत हॉर्नही रुसला असेल तर संशय आधी इकडे. स्टिअरिंग किंवा रॅकचे काम करताना ही केबल मध्यावर न आणता बसवली, तर पहिल्याच पूर्ण वळणाला ती ताणून तुटते. काम झाल्यावर दोन दिवसांनी दिवा लागला, अशी तक्रार आली की गुंता बहुधा इथेच असतो.

आमच्या भागाचे म्हणून एक कारण वेगळे सांगायला हवे. धान कापले की बांधीतला उंदीर खळ्याकडे आणि घराकडे सरकतो. चुरणे चालू असते, पोती रचलेली असतात आणि शेजारी आठ-आठ दिवस न हललेली मोटार उभी असते. उंदीर बॉनेटमधून शिरतो, डॅशबोर्डखाली बिऱ्हाड करतो आणि वायरींचे आवरण कुरतडतो. इंजिनाची वायर तुटली तर गाडी बंद पडते, कळते तरी. बंपरमागच्या पुढच्या सेन्सरची वायर कुरतडली तर फक्त दिवा लागतो. त्यामुळे मंडईच्या आगेमागे एखादी गाडी दिव्याची तक्रार घेऊन आली तर स्कॅनर लावायच्या आधी बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेले फोम पाहावेत. उभ्या गाडीची बॅटरीही उतरते. व्होल्टेज पडले की काही युनिट तेवढ्यासाठीही कोड नोंदवतात. बॅटरी चार्ज करून, टर्मिनल साफ करून कोड पुसला की प्रश्न संपतो. हजारो रुपयांचे युनिट बदलायचे कारणच नसते.

तपासणीच्या पद्धतीबाबत मात्र मी अजिबात सैल नाही. इतर वायरिंगमध्ये चालणाऱ्या सवयी इथे जिवावर बेततात. टेस्ट लॅम्प लावून पाहणे, टाचणी टोचून करंट तपासणे, एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर लावून ओहम मोजणे, यातले काहीही करायचे नाही. मीटर स्वतः प्रवाह सोडतो, आणि समोर पेटायला तयार बसलेला इग्नायटर असतो. आधी स्कॅनरने कोड वाचायचे आणि लिहून ठेवायचे. चालू कोड कोणता आणि जुना, स्मृतीत राहिलेला कोणता हे वेगळे करायचे. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ रीडर बहुतेक करून फक्त इंजिनाचे कोड वाचतात. त्यात ‘नो फॉल्ट’ दिसले म्हणून एअरबॅग ठीक आहे, असा अर्थ काढू नये. मग चावी काढायची, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचे आणि थांबायचे. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून युनिटमध्ये कपॅसिटर भरून ठेवलेले असतात. ते रिकामे व्हायला वेळ लागतो. किती मिनिटे, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेले असते आणि तेच पाळायचे.

त्यानंतरची युक्ती सोपी आहे. संशयित एअरबॅग सोडवून तिच्या जागी दोन ओहमच्या आसपासचा तपासणीचा रेझिस्टर लावायचा, बॅटरी जोडून पुन्हा स्कॅन करायचे. कोड चालू कोडांतून गेला, तर दोष एअरबॅगेत किंवा तिच्या स्वतःच्या जोडात. तसाच राहिला, तर क्लॉक स्प्रिंग, वायरिंग किंवा युनिट. अशी निम्मी-निम्मी वाट बाद करत गेले की तासाभरात बिघाडाची जागा हाती लागते. वायरिंग मीटरने तपासायचेच असेल तर एअरबॅग आणि युनिट दोन्ही बाजू सोडवून. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवायची, नेताना तोंड अंगापासून दूर. पुन्हा बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसलेले नको.

हाच रेझिस्टर फसवणुकीचेही हत्यार होतो, याचा मला मनस्वी संताप येतो. उघडून गेलेल्या एअरबॅगेची जागा रिकामी ठेवून, आत रेझिस्टर सोल्डर करून, वर डॅशबोर्ड शिवून गाडी विकली जाते. युनिटला दोन ओहम दिसतात, दिवा वेळेवर विझतो, आणि गिऱ्हाईक बायकामुलांना पुढे बसवून निघते. काही जण मीटरमधला दिवाच काढतात किंवा दुसऱ्या दिव्याला जोडून देतात. म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवून बघा: एअरबॅगचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इतर दिव्यांपासून वेगळा, आपल्या वेळेने विझला पाहिजे. डॅशबोर्डची शिवण, स्टिअरिंगचे कव्हर, बेल्टवरच्या लेबलांची तारीख पाहा. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात घरे बुडाली. अशा कोणत्याही पुरात भिजलेली मोटार पुढे स्वस्तात विकायला निघू शकते. कन्सोलखालचे युनिट आणि सीटखालचे कपलर पाण्यात सगळ्यांत आधी जातात. कार्पेट उचलून मातीची रेघ शोधावी.

सगळेच दोष स्कॅनरला दिसत नाहीत, हेही इथेच नोंदवले पाहिजे. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षे खराब होत गेले, आणि उघडताना धातूचे तुकडे प्रवाशांवर उडाले. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. तिथे रोध अगदी बरोबर होता, दिवा विझलेला होता. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही कडक असलेल्या आपल्या भागात जुन्या गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलसाठी तपासणे म्हणूनच गरजेचे.

आणि बेल्ट. 2022 मध्ये देशात अपघातांत गेलेल्या 1,68,491 जणांपैकी 16,715 जणांनी बेल्ट लावला नव्हता, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. बेल्ट नसेल तर फुगती एअरबॅगच इजा करते. बेल्टचा ताण आवळणारा प्रिटेन्शनर त्याच पिवळ्या वायरिंगवर चालतो, म्हणून बकलमध्ये नाणे किंवा क्लिप अडकवून घंटी बंद करणाऱ्याने यंत्रणेलाही चुकीची माहिती दिलेली असते. बाजूची एअरबॅग सीटमध्ये असेल तर जाड सीट कव्हर तिची वाट अडवते. पुढे बसवलेला लोखंडी बंपर गार्ड धडकेचा जोर वेगळ्या वाटेने नेतो आणि सेन्सरचा अंदाज चुकवू शकतो. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितले होते.

साकोली-सानगडीच्या गॅरेजांत हात कुशल आहेत. कमी आहे ती माहिती आणि पूर्ण स्कॅनर. एकट्याला तो परवडत नसेल तर तीन-चार गॅरेजांनी मिळून घ्यावा. गिऱ्हाइकानेही एक आग्रह धरावा: काम सुरू होण्याआधीचे कोड, बदललेला भाग आणि काम झाल्यावरचे कोड बिलावर लिहून मागावेत, आणि बदललेला भाग आपल्या डोळ्यांसमोर ठेवायला सांगावा. निघालेली एअरबॅग मात्र घरी नेऊ नये. ती न उघडलेली असली तर आत स्फोटक तसेच असते, आणि ती कंपनीच्या वर्कशॉपकडेच जायला हवी.