कॅम्बर म्हणजे काय? ६० मिलिमीटरचा उंचवटा आणि तुमचं कोटेशन

कॅम्बरच्या व्हिडिओतले आकडे साइटवर हाताशी असावेत, म्हणून इथे लिहून ठेवतोय. रस्ते, पेव्हर ब्लॉक, सेंट्रिंग यांची छोटी-मोठी कामं घेणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण यात तुमचा पैसा अडकतो.

कॅम्बर म्हणजे मुद्दाम, आधीच दिलेला बाक. 'आधीच' हा शब्द धरून ठेवा. पुढे काय होणार आहे ते ओळखून आपण वस्तू सुरुवातीलाच थोडी वर किंवा तिरकी ठेवतो. रस्त्यावर पाणी पडणार, बीम स्वतःच्या वजनाने थोडा खाली येणार, वळणावर गाडी कलणार. त्याची सोय आधी करून ठेवायची.

रस्त्यापासून सुरू करू. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. किती उतरता, हे पृष्ठभागावर आणि पावसावर ठरतं. इंडियन रोड्स काँग्रेसचे रूढ आकडे असे: सिमेंट काँक्रीट किंवा जाड डांबरी थर असेल तर १.७ ते २ टक्के, पातळ डांबरी थराला २ ते २.५, खडीच्या रस्त्याला २.५ ते ३ आणि मातीच्या रस्त्याला ३ ते ४ टक्के. कोकणात किंवा महाबळेश्वरकडे काम असेल तर वरचा आकडा, सांगोल्याकडे असेल तर खालचा. पृष्ठभाग जितका खरबरीत, तितकं पाणी रेंगाळतं, म्हणून ढाळ जास्त. पण उगाच जास्त दिला तरी पंचाईत. भरलेली गाडी एका बाजूला कलते, ड्रायव्हर रस्त्याच्या मधूनच चालवतात आणि मातीच्या कडा पाण्याने धुऊन जातात.

आता हिशेब. समजा, सोसायटीचा आतला रस्ता ६ मीटर रुंद आहे आणि कॅम्बर २ टक्के द्यायचा आहे. बरेच जण ६ मीटरचे २ टक्के काढतात, १२० मिलिमीटर. चूक! पाणी मध्यापासून कडेकडे जातं, म्हणून अर्धी रुंदी धरायची. ३ मीटरचे २ टक्के, म्हणजे ६० मिलिमीटर. अडीच इंचाला थोडं कमी.

आणि हे ६० मिलिमीटर फुकट येत नाहीत. खोदाईचा तळ सपाट ठेवलात आणि वर खडी ओतून उंचवटा केलात, तर मध्ये ६० आणि कडेला शून्य, सरासरी ३० मिलिमीटर जादा माल लागतो. रस्ता १०० मीटर लांब असेल तर १०० गुणिले ६ गुणिले ०.०३, म्हणजे १८ घनमीटर. घनफुटात सुमारे ६३५, जवळजवळ साडेसहा ब्रास. तोही रोलर फिरवून दाबलेला. सुटा माल याहून जास्त मागवावा लागेल. कोटेशन देताना लांबी, रुंदी, जाडी एवढाच गुणाकार केला असेल तर हे साडेसहा ब्रास तुमच्या खिशातून जाणार.

उपाय सोपा आहे. ढाळ तळातच द्यायचा. खोदाई करताना मातीचा थरच मध्ये ६० मिलिमीटर उंच ठेवून दाबला, की वरचे सगळे थर सारख्या जाडीचे येतात. माल वाचतो आणि ताकदही सगळीकडे सारखी मिळते. शेवटच्या थरात ढाळ 'काढून घेऊ' म्हणणारा मुकादम भेटला, तर त्याला तिथेच थांबवा.

तपासायचं कसं? लेव्हल पाइपने दोन्ही कडा एका लेव्हलला आहेत का बघा. दोन्ही कडांवर १५० मिलिमीटर उंचीचे सारखे ठोकळे ठेवा आणि त्यांवरून दोरी ताणा. दोरीपासून खाली मापलं तर बरोबर मध्ये ९० मिलिमीटर यायला हवं आणि कडेपासून दीड मीटरवर १२०. दर १० मीटरवर हे माप घेऊन वहीत लिहा, ग्राहकाची सही घ्या. हा हिशेब सरळ ढाळाचा आहे. गोलाईच्या कॅम्बरला मधली मापं बदलतात. आणि वळणावर हे लागू नाही, तिथे बाहेरची कड उचलतात.

सेंट्रिंगवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं. बीमच्या सेंट्रिंगला साधारणपणे दर मीटरला ४ मिलिमीटर कॅम्बर देतात. ६ मीटरच्या बीमला मध्ये २४ मिलिमीटर. बाल्कनीसारख्या पुढे आलेल्या भागाला मोकळ्या टोकाशी दर मीटरला २० मिलिमीटर, म्हणजे दीड मीटरच्या बाल्कनीला ३०. ड्रॉइंगमध्ये इंजिनिअरने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो फळ्या बघून 'वाकडं बांधलंय' म्हणत फोन करतो. पण बाल्कनीच्या फरशीचा ढाळ मात्र आठवणीने पाण्याच्या तोटीकडे काढा. टोक उचललेलं राहिलं तर पाऊस हॉलमध्ये येतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. कॅम्बरने बीमला ताकद येत नाही. सळई कमी, माल कच्चा किंवा टेकू लवकर काढले, तर कॅम्बर काहीही वाचवणार नाही. आणि खाली आलेला बीम प्लास्टरचा थर चढवून सरळ दाखवणं म्हणजे आधीच थकलेल्याच्या डोक्यावर आणखी ओझं.

गॅरेजवाल्यांसाठी थोडक्यात. चाकाचा कॅम्बर अंशांत मोजतात. समोरून बघताना चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल तर निगेटिव्ह, बाहेर असेल तर पॉझिटिव्ह. निगेटिव्ह जास्त झाला की टायर आतल्या कडेला झिजतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर साध्या अलाइनमेंटमध्ये बदलताच येत नाही, फक्त टो बदलतो. म्हणून बिलावर 'कॅम्बर सेट केला' लिहिण्याआधी खरंच केलाय का ते बघा.

रस्त्याच्या कोटेशनमध्ये घालायची ओळ अशी: 'रुंदी ६ मीटर, कॅम्बर २ टक्के, मध्याशी उंची ६० मि.मी., ढाळ खोदाईच्या तळापासून. मोजमाप दर १० मीटरवर दोघांच्या समक्ष.' रुंदी आणि टक्के तुमच्या कामाप्रमाणे बदला.