पेशीच्या वेशीवर

पटकीच्या रोग्याला नुसते पाणी पाजून का भागत नाही? याचे उत्तर आपल्याला पेशीपटलात सापडते. हे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी पडदा. रेणूंची पाण्याशी सलगी करणारी डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना असतात, पाणी टाळणारी शेपटे मध्ये. प्राणवायू त्यातून सहज जातो. मीठ व साखर अडतात. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारे आहेत. आतड्यातील एक दार सोडियम व ग्लुकोज जोडीने आले, तरच दोघांना आत घेते. मागोमाग पाणी शिरते. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग येथे मांडली. पटकीतही हे दार शाबूत राहते.

१९७१ साली बनगावच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्या खाली आले.

म्हणून आपण घरी एवढे ध्यानात ठेवू: उकळून गार केलेले १ लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर आतड्यात फुटून ग्लुकोज देते. डॉक्टर येईपर्यंत घोट-घोट पाजत राहावे.