पाऊस गेला, ओल राहिली

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, शेवगावच्या शिवेकडे उमापूर हे गाव आहे. २०२० सालचा एप्रिल महिना आठवून पाहा. देशभर टाळेबंदी होती. १७ एप्रिलला राज्य सरकारने ऊसतोड मजुरांना घरी परतण्याची परवानगी दिली आणि साखर कारखान्यांवर अडकलेली कुटुंबे बीड जिल्ह्यातल्या गावोगावी येऊ लागली. आले कोण, कुठून आले, कोणाला ताप आहे, कोणाला खोकला आहे, याच्या नोंदी घरोघर फिरून आशाताई आणि आरोग्यसेविका घेत होत्या. माणसे परस्परांपासून दूर पळत होती, त्या दिवसांत या बाया दारोदार जात होत्या.

अशाच एखाद्या गावातली परिचारिका डोळ्यांसमोर आणू या. तिचे नाव घेत नाही, कारण तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. घरी म्हातारी सासू आणि पाच वर्षांची मुलगी. कामावरून आली की ती ओसरीवरच आंघोळ करते, वेगळ्या ताटात जेवते, वेगळी झोपते. मध्येच दोन दिवस अंग दुखले, घसा धरला आणि आपोआप बरेही वाटले. स्वॅब काही दिला गेला नाही. पुढे दोन महिन्यांनी कर्मचाऱ्यांच्या रक्ताची तपासणी झाली आणि तिच्या कागदावर आले : प्रतिपिंडे ‘पॉझिटिव्ह’.

शेजारी म्हणाले, “सिस्टरला करोना आहे, लांब राहा.” तिला स्वतःला वाटले, “मला होऊन गेला, आता भीती नाही. आज मुलीला कुशीत घेऊन झोपते.” कागद एकच, वाचणारे दोन, आणि दोघांचेही वाचन चुकलेले. हा कागद नीट कसा वाचायचा, तेवढेच आज सांगायचे आहे.

करोनासाठी दोन प्रकारच्या तपासण्या होत्या. नाकातून किंवा घशातून स्वॅब घेऊन केली जाणारी आरटी-पीसीआर तपासणी विषाणूचा अंश शोधते. रक्ताची प्रतिपिंड तपासणी विषाणू शोधतच नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने जी प्रथिने तयार केली, ती रक्तात आहेत का, एवढेच ती पाहते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आत्ता पाऊस पडतो आहे का, हे स्वॅब सांगतो. जमिनीत ओल आहे का, हे प्रतिपिंडे सांगतात. पाऊस सुरू झाल्याझाल्या ओल खोलवर जात नाही. तशीच प्रतिपिंडे बहुतेकांच्या रक्तात लागण झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सापडतात. म्हणून ज्याला आज ताप आहे, त्याचे निदान या तपासणीने करू नये. आणि ओल सापडली म्हणजे आत्ता पाऊस पडतो आहे, असेही नव्हे. शेजाऱ्यांची चूक ती हीच.

ही ओल मोजतात कशी? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मे २०२० मध्ये ‘कोविड कवच’ ही एलायझा पद्धतीची चाचणी तयार केली. प्लास्टिकच्या एका तबकडीत छोटे छोटे खळगे असतात. खळग्यांच्या तळाशी निष्प्रभ केलेल्या विषाणूचा लेप दिलेला असतो. त्यात रक्तातले पाणी, म्हणजे सीरम, टाकतात. कुलपात त्याचीच किल्ली बसावी तसे करोनाचे प्रतिपिंड त्या लेपाला चिकटते. बाकीचे सारे धुऊन टाकतात. मग रंग आणणारे रसायन घालतात. रंग चढला तर प्रतिपिंड आहे, नाही चढला तर नाही. एका वेळी नव्वद नमुने आणि सुमारे अडीच तासांचे काम. त्याआधी, एप्रिलमध्ये, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन करायच्या झटपट चाचण्या चीनमधून मागवल्या होत्या. त्यांचे निकाल विश्वासार्ह ठरेनात, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्या वापरू नका, असे राज्यांना कळवले.

आता आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट. मे २०२० मध्ये परिषदेने देशातल्या निवडक जिल्ह्यांत पहिले प्रतिपिंड सर्वेक्षण केले. महाराष्ट्रातून सहा जिल्हे घेतले होते : बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचे अहमदनगर. बीडमध्ये ३९६ जणांचे रक्त तपासले, त्यांतल्या चौघांत प्रतिपिंडे सापडली. म्हणजे शंभरात एक. आकडा लहान दिसतो. पण त्या महिन्याच्या मध्यापर्यंत बीड जिल्ह्यातले नोंदलेले रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. सबंध देशाचा अंदाज निघाला, तो ०.७३ टक्के प्रौढांचा, म्हणजे सुमारे ६४ लाख माणसांचा. विषाणू नोंदवहीच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. कोणाला कळलेच नाही, कोणाला दोन दिवस घसा धरला एवढेच. आपल्या परिचारिकेसारखे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. कोणतीही चाचणी शंभर टक्के बिनचूक नसते. समजा, एखादी चाचणी लागण होऊन गेलेल्या शंभरांपैकी नव्वद जणांना बरोबर ओळखते आणि लागण न झालेल्या शंभरांपैकी दोघांना चुकून ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. हजार माणसांच्या वस्तीत खरोखर दहाच जणांना लागण होऊन गेली असेल, तर त्यांतले नऊ सापडतील. पण उरलेल्या ९९० जणांतले सुमारे वीस चुकून त्या यादीत येतील. म्हणजे एकोणतीस जणांच्या यादीत खरे फक्त नऊ. तीच चाचणी, पण लागण अडीचशे जणांना होऊन गेली असेल, तर यादीत २२५ खरे आणि पंधराच चुकीचे. चाचणी बदलली नाही, वस्ती बदलली. म्हणूनच पहिल्या सर्वेक्षणात एका चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आलेले रक्त दुसऱ्या कंपनीच्या चाचणीवर पुन्हा तपासून घेतले होते. साथ विरळ असताना एकट्या माणसाने एका कागदावर विसंबून निर्णय घेऊ नये, तो याचसाठी.

मग रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचे रक्त तपासून मिळाले काय? मिळाले ते फार मोलाचे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मोठ्या रुग्णालयात एप्रिल २०२० मध्ये, ज्यांना त्या वेळी काहीही त्रास नव्हता, अशा कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. सुमारे चोवीस टक्क्यांत प्रतिपिंडे निघाली. कमी कोठे असतील? अतिदक्षता विभागात, जिथे सर्वांत गंभीर रुग्ण होते. तिथे १४.८ टक्के. आणि साफसफाई करणाऱ्यांत ३४.५ टक्के. ज्यांच्याजवळ चांगले मुखपट्टे आणि संरक्षक पोशाख होते, ते तुलनेने वाचले. ज्यांच्या हातात फक्त झाडू होता, ते सापडले.

आपल्याकडे डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सात हजारांवर आरोग्य कर्मचारी होते. त्यांच्यात दर चौघांमागे एकाला लागण होऊन गेलेली दिसली. डॉक्टर आणि परिचारिका यांचे प्रमाण २६.६ टक्के, तर कार्यालयात बसणाऱ्यांचे २४.९ टक्के. फरक किती थोडा! धोका फक्त खाटेशेजारी नसतो. केसपेपरच्या खिडकीत असतो, चहाच्या वेळी मुखपट्टा खाली ओढून बसलेल्या टेबलावर असतो, रुग्णवाहिकेच्या बंद केबिनमध्ये असतो. तपासणीचा खरा उपयोग तो हा. कोणत्या कामावरचे लोक जास्त सापडले, हे कळले की मुखपट्टे कुठे कमी पडले, खिडक्या कुठे उघडायच्या, कामाच्या पाळ्या कशा लावायच्या, हे ठरवता येते. आणि ते ठरवायचे, तर तपासणीच्या यादीत सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, कंत्राटी कर्मचारी आणि आशाताई यांची नावे आधी हवीत. यादी डॉक्टरांच्या खोलीपाशीच संपली, तर उत्तरही अर्धेच मिळणार.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. त्यानंतर या तपासणीचा अर्थ बदलला. शेतात ओल आहे, पण ती पावसाची की विहिरीच्या पाण्याची? कोविशिल्ड लस विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे त्या लसीने येत नाहीत. ती सापडली, तर लागण होऊन गेली असे समजावे. कोव्हॅक्सिन मात्र सबंध निष्प्रभ विषाणूपासून बनवलेली, तिने दोन्ही येऊ शकतात. म्हणून लस कोणती, मात्रा किती आणि केव्हा घेतली, हे लिहिल्यावाचून पुढच्या काळात कागदाला अर्थ उरला नाही. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सर्वेक्षणात ८५.२ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांत प्रतिपिंडे होती. त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलेली होती आणि मधल्या काळात दुसरी लाटही येऊन गेली होती.

आता परिचारिकेच्या प्रश्नाकडे येऊ. प्रतिपिंडे आहेत, म्हणजे पुन्हा होणारच नाही का? जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० रोजीच बजावले होते की, याच्या आधारे कोणाला ‘तू सुरक्षित’ असा दाखला देऊ नका. पुढे ते खरे ठरले. ओमायक्रॉनने २०२१-२२ च्या हिवाळ्यात लस घेतलेल्यांना आणि आधी आजारी पडलेल्यांनाही पुन्हा गाठले. पण आजार गंभीर होण्याचे प्रमाण लसीमुळे आणि आधीच्या लागणीमुळे पुष्कळ कमी राहिले. वरची माती वाळली तरी खाली ओल टिकते, तशा रक्तातली प्रतिपिंडे कमी झाली तरी विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशी शरीरात राहतात. म्हणून कागदावर ‘निगेटिव्ह’ आले, तरी शरीर अगदी कोरे झाले असे नाही. आणि ‘पॉझिटिव्ह’ आले, तरी मुखपट्टा काढायला मोकळीक नाही. ज्या घरात म्हातारे माणूस आहे, त्या घरात तर नाहीच.

५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. विषाणू गेला नाही, भीती मात्र ओसरली. पुढे कधी दुसरी साथ आली, तर पुन्हा अशाच तपासण्या होतील. तेव्हा एवढे लक्षात ठेवावे. एका माणसाच्या हातातला हा कागद त्याच्यापुरता फार थोडे सांगतो. शंभर जणांचे कागद एकत्र ठेवले, तर रुग्णालयाची भिंत कुठे खचली आहे ते दाखवतात. त्या कागदावरून कोणाला वाळीत टाकायचे नसते आणि कोणाला जास्त धोक्याच्या कामावरही ढकलायचे नसते.

आपल्या परिचारिकेला सांगायचे, तर असे सांगू : सिस्टर, तुम्ही आजारी नाही आहात, शेजाऱ्यांना तसे बजावा. मुलीला जवळ घ्या. मात्र उद्या कामावर जाताना मुखपट्टा तोच आणि तसाच बांधा, आणि आल्यावर हातही तसेच धुवा. रक्तातली ती खूण म्हणजे विषाणूची आणि तुमची एकदा गाठ पडली होती, याची नोंद. त्या दिवसांत तुम्ही दारोदार फिरलात, ते नोंदवहीत राहिले नसेल, तुमच्या रक्तात मात्र राहिले आहे.